कामगारवस्तीत आठ खोल्यांची चाळ विकत घ्यावी का? (पहिल्यांदाच घरमालक होतोय)

कडूलिंब

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गावाकडची जमीन विकली, माझ्या वाट्याला थोडी रक्कम आली. एक एजंट चाकणजवळची चाळ दाखवतोय. दीड गुंठा जागा, खाली चार खोल्या, वर चार. एमआयडीसीत चालत जाता येईल इतकी जवळ. भाडेकरू बहुतेक कंत्राटी कामगार. मागणी ४२ लाख. खोलीला ३५०० भाडं, म्हणजे महिन्याला २८ हजार. एजंटच्या हिशेबाने वर्षाला आठ टक्के, "साहेब, बसल्या जागी".

मी कोथरूडला राहतो, नोकरी चालू आहे. तरुणपणी भाडं पुष्कळ भरलंय, घेतलं कधीच नाही. एवढ्या पैशात वाकडला धड फ्लॅट येत नाही, आणि आला तरी भाडं किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणून मोह होतोय. बायकोचा एकच प्रश्न आहे: "दर महिन्याला आठ दारं वाजवायला जाणार कोण?"

ज्यांनी अशा खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्यांनी खरं काय ते सांगा.

अवांतर_सम्राट

चाकणला पूर्वी लोक कांदा-बटाटा घ्यायला जायचे, आता चाळ घ्यायला जातात. रडवायचं काम दोन्हीकडे सारखंच.

(बसलो आहे पॉपकॉर्न घेऊन.)

मोशीचा_मामा

माझ्या चौदा खोल्या आहेत. वडिलांनी शेतात सहा बांधल्या होत्या, बाकीच्या मी वाढवल्या. तेव्हा ऐका.

बसल्या जागी फक्त मूळव्याध होते, भाडं येत नाही.

पहिली गोष्ट तारखेची. तुम्ही नोकरदार, तुमचा पगार एक तारखेला. म्हणून तुम्ही भाडंही एक तारखेला मागणार. कंत्राटी पोराचा पगार सातला होतो, दहाला होतो, ठेकेदाराचं बिल अडकलं तर पंधरालाही. एक तारखेला गेलात तर तुम्ही रिकाम्या हाताने परत येणार आणि तो उगाच बुडव्या ठरणार. मी अकरा तारखेला संध्याकाळी सातला जातो. पहिली शिफ्ट उठलेली असते, दुपारची झोप झालेली असते, चहा चाललेला असतो. दोन तासांत बारा-तेरा खोल्यांचं भाडं हातात. उरलेल्या एखाद्याचं कारण बहुतेक वेळा खरं असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची, पण ती सविस्तर रात्री लिहितो. आत्ता मोटार बघायला चाललोय, जळालीय बहुतेक.

आकडेमोड

धागाकर्ते, एजंटचं गणित गुणाकारापुरतं बरोबर आहे. २८,००० गुणिले १२ म्हणजे ३,३६,०००, आणि ४२ लाखांवर ते बरोबर आठ टक्के. पण त्याने वजाबाकी केलेलीच नाही.

प्रत्येक खोली वर्षातून सरासरी दीड महिना रिकामी धरा. कंत्राटी पोरांना सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, मग ते खोली सोडतात. उरले २,९४,०००. आता मोटार आणि उन्हाळ्यातले टँकर मिळून ३६ हजार. रंग, कडी-कोयंडे, नळ, गळती, सेप्टिक टाकीचा उपसा मिळून ४० हजार. घरपट्टी ९ हजार. तुम्ही कोथरूडला, म्हणजे तिथे लक्ष ठेवायला कुणीतरी लागणार, त्याचे महिन्याला ३ हजार, म्हणजे वर्षाचे ३६ हजार. एकूण खर्च १ लाख २१ हजार. हातात १ लाख ७३ हजार. टक्केवारी ४.१.

मुदत ठेवीत याहून जास्त मिळतं, आणि मुदत ठेव रात्री अकराला फोन करून संडास तुंबल्याचं सांगत नाही.

शेवंता

@आकडेमोड, गणित मान्य, पण दुरुस्तीचे ४० हजार दरवर्षी लागत नाहीत. एका वर्षी दहा लागतात आणि दुसऱ्या वर्षी स्लॅब गळायला लागला की लाख. त्या लाखाच्या वर्षीच नवा मालक रडकुंडीला येतो, कारण आधीच्या वर्षीचं उरलेलं त्याने खर्चून टाकलेलं असतं. मी महिन्याला एका खोलीचं भाडं बाजूच्या खात्यात टाकते आणि ते खातं माझं नाहीच असं समजते.

आणि जागेची किंमत वाढते ते कुठे धरलंय?

आकडेमोड

धरलं नाही, कारण ती कागदांवर अवलंबून आहे. कागद स्वच्छ नसतील तर वाढलेली किंमत घ्यायला गिऱ्हाईक येत नाही.

दावा_दाखल

कागदांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. (वकिली करते, पण हा सल्ला फुकट आहे, तेव्हा त्याच भावाने घ्या.)

दीड गुंठा म्हटल्यावर माझे कान टवकारले. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येत आला आहे. त्यामुळे असे प्लॉट नोटरीच्या कागदावर विकले जातात, नाहीतर दहा-अकरा जण मिळून सामाईक खरेदीखत करतात आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक येतात. कोणता तुकडा कुणाचा, हे फक्त तोंडी ठरलेलं असतं. अशी गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जागा (गुंठेवारी) नियमित करायला २००१ चा कायदा आहे, त्यात पुढे २०२० अखेरपर्यंतची बांधकामं घेतली, पण ते आपोआप होत नाही. अर्ज, शुल्क, मंजुरी, सगळं लागतं. ते झालंय का, विचारा.

एजंट तुम्हाला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवेल आणि म्हणेल, "हे बघा मालकाचं नाव." तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, एवढं मागा. मागितल्यावर समोरच्याचा आवाज चढला तर तुमचं काम तिथेच झालं.

आता भाडेकराराचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहेच. साडेतीन हजारांच्या खोलीला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे अकरा महिन्यांचे शंभराच्या आसपास. नोंदणी फी ग्रामीण भागात पाचशे, शहरात हजार. सगळं ऑनलाइन होतं.

लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीचा परवाना-करार) नीट नोंदवलेलं असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि खोली सोडेपर्यंत दुप्पट शुल्क मागता येतं. न नोंदवलेल्या कागदावर हे सगळं डळमळतं.

मोशीचा_मामा

ताई, सगळं खरं, पण आमच्याकडे चौदा खोल्यांत वर्षाला वीसेक कुटुंबं येतात-जातात. प्रत्येकाचा करार करत बसलो तर मोटार कोण बघणार?

दावा_दाखल

मामा, तुमचं आजवर निभावलं कारण तुम्ही शेजारीच राहता आणि गावात वजन आहे. कोथरूडच्या माणसाला ते वजन नाही, त्याला कागदच हवा. आणि पोलिसांकडे माहिती तरी देता ना?

मोशीचा_मामा

ती देतो. आधार, फोटो, गावचा पत्ता आणि गावच्या एका माणसाचा फोन. एकाच्या खोलीवर पोलीस आले होते तेव्हा तेवढ्या कागदावर माझी सुटका झाली. नाहीतर मीच चौकीत बसलो असतो.

पुणेरी_पाटी

या निमित्ताने आमचा वाडा आठवला. सदाशिव पेठेत आजोबांचे नऊ बिऱ्हाडकरू. सगळ्यात जास्त भाडं देणाऱ्याचं भाडं महिना अठरा रुपये, आणि तेही दर दिवाळीला "कौलं बदलून द्या" अशी मागणी करून. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली ती गोठलीच. आजोबा पावती फाडायला जायचे तेव्हा पावती पुस्तकाचा खर्च भाड्यातून निघतो की नाही याचीच त्यांना चिंता. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ ला लायसन्सवर राहणारेही भाडेकरू मानले गेले, तेव्हा आजोबांनी एक मोकळी खोली कुलूप लावून ठेवली. ती मरेपर्यंत उघडली नाही. आम्ही मुलं तिला भुताची खोली म्हणायचो. भूत कायद्याचं होतं.

तेव्हा अकरा महिन्यांच्या कराराचं खूळ कुठून आलं ते कळलं असेलच.

अवांतर_सम्राट

वाड्याचं पुढे काय झालं?

पुणेरी_पाटी

बिल्डर झाला.

पैठणगेट

वाळूजला बजाजनगरच्या पुढे माझ्या सहा खोल्या आहेत. थोडं वेगळं मत मांडतो.

सुट्या पोरांना खोली द्यायची की कुटुंबाला, हा खरा प्रश्न. पोरं चार जण मिळून राहतात, भाडं जास्त देतात, पण पाणी चार जणांचं, संडास चार जणांचा, आणि शिफ्टमुळे खोलीत चोवीस तास कुणीतरी जागं. कुटुंब पाचशे कमी देतं पण तीन-चार वर्षं हलत नाही. मूल शाळेत घातलं की तर विचारूच नका. माझी एक खोली गेली सात वर्षं एकाच कुटुंबाकडे आहे. मी दरवर्षी फक्त दोनशे वाढवतो, बाजारभावापेक्षा सातशे कमी आहे. मित्र हसतात. पण सात वर्षांत ती खोली एक दिवस रिकामी नाही, आणि रंगही त्यांनी स्वतःच्या पैशाने दिला.

बाकी आमच्याकडे मी अमुक आडनावाला देत नाही, तमुक राज्याच्याला देत नाही, असले नियम ठेवत नाही. शेजारचे ठेवतात.

गुळवणी

पण अनुभव असतात हो लोकांचे. उगाच कुणी नियम करत नाही. परप्रांतीय एका रात्रीत गाशा गुंडाळतात.

खोली_नंबर_६

@गुळवणी, गाशा गुंडाळायला गाशा तरी किती असतो ते मी सांगतो.

मी हिंगोलीचा. २०१६ ते २०२१ भोसरी आणि नंतर चिखलीला अशाच खोल्यांत राहिलो. दहा बाय दहा, आम्ही पाच जण. आता बरं चाललंय, म्हणून इथे टाईप करतोय. भाडेकरूच्या बाजूने कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

खोली बघायला गेलो की पहिला प्रश्न आडनाव. आडनावावरून अंदाज आला नाही तर "गावात घर कोणत्या बाजूला?" मराठवाड्यातल्या माणसाला याचा अर्थ बरोबर कळतो. तीन ठिकाणी "आत्ताच गेली खोली" ऐकलं. चौथ्या ठिकाणच्या मावशीने विचारलं, "चपात्या येतात का करायला? नाहीतर मेसचा डबा लावावा लागंल." त्या मावशीचं भाडं मी एकदाही बुडवलं नाही.

रात्रीत पळून जातात म्हणता. लॉकडाऊनमध्ये आमच्या शेजारच्या चाळीतली ओडिशाची पोरं गेली, दोन महिन्यांचं भाडं थकवून. सरकारने १७ एप्रिल २०२० ला परिपत्रक काढून मालकांना सांगितलं होतं की किमान तीन महिने वसुली पुढे ढकला, कुणाला बाहेर काढू नका. त्यांच्या मालकाने तिसऱ्या दिवशी पाण्याची मोटार बंद केली. मग पोरं थांबतील कशाला? त्यातला एकजण दिवाळीनंतर परत आला आणि जुनं थकलेलं देऊन त्याच मावशीकडे खोली घेतली. मोटार बंद करणाऱ्याकडे नाही गेला.

आणि वीज. सबमीटर लावून युनिटला बारा रुपये घ्यायचे. एका मीटरवर आठ खोल्या, त्यामुळे वीजदराचा स्लॅब वर जातो हे मान्य. पण वरचा नफा कोण खातो?

दावा_दाखल

पाणी तोडण्यावरून सांगते, कारण पुष्कळ मालकांना हा आपला हक्क वाटतो. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम २९: सबळ कारणाशिवाय पाणी, वीज, संडास अशा अत्यावश्यक सेवा बंद करता येत नाहीत. भाडं थकलंय हे कारण चालत नाही. त्यात शिक्षाही आहे. सामान बाहेर काढून कुलूप लावणं तर दूरच.

गुळवणी

@खोली_नंबर_६, तुमचं वाचलं. बोललो ते सरसकट बोललो.

मोशीचा_मामा

पोरा, चांगलं लिहिलंस. विजेचं सांगतो. मीही आधी एकाच मीटरवर सगळ्या खोल्या चालवायचो. दर महिन्याला भांडण. "माझा फक्त बल्ब आणि पंखा, मग तीनशे कसे?" शेवटी पैसे घालून प्रत्येक खोलीला महावितरणचा वेगळा मीटर घेतला. बिल थेट त्यांच्या मोबाइलवर, भांडण संपलं. माझा एक रुपयाचा नफा गेला आणि झोप परत आली.

आता पाणी. महापालिकेचं पाणी पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड झालं. चाकण पट्ट्यात तर बोअर आणि टँकरच. चाळ विकत घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये बघायला जा, दिवाळीत नको. दिवाळीत प्रत्येक बोअरला पाणी असतं. टाकी किती लिटरची, खालची आणि वरची, हे झाकण उघडून बघा. आठ खोल्यांत पंचवीस-तीस माणसं धरा. दोन हजार लिटरची टाकी सकाळी पहिल्या शिफ्टलाच संपते.

सेप्टिक टाकी कुठे आहे तेही विचारा. एका चाळीत टाकीवर नवीन खोली बांधली होती. उपसायची कुठून?

आणि गॅस. चार पोरांच्या खोलीत पाच किलोची छोटी टाकी असते, काही ठिकाणी चोरून मोठ्या टाकीतून भरलेली. मी सरळ सांगतो, पावतीवाली आणा, नाहीतर इंडक्शन वापरा. वीज तुमच्या मीटरवर.

क्लीव्हलंडचा_कोकणी

इकडे ओहायोत माझं एक जुनं दुपाखी घर आहे, दोन बिऱ्हाडांचं, गरीब वस्तीत. इथे सेक्शन ८ नावाची सरकारी योजना आहे. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो आणि उरलेलं गृहनिर्माण प्राधिकरण थेट माझ्या खात्यात टाकतं. ऐकायला स्वर्ग. पण आधी त्यांचा निरीक्षक येऊन घर तपासतो, नंतरही अधूनमधून येतो. जुन्या खिडकीचा रंग सोललाय म्हणून पहिल्याच वेळी नापास केलं. आणि उणे पंधरामध्ये नळ फुटला की काय होतं ते मोशीच्या मामांना सांगायला नको.

मीही स्वस्त मिळतंय म्हणून घेतलं. मग दुरुस्त्यांवर खर्च करता करता शेवटी फार स्वस्त पडलं असं नाही.

शेवंता

म्हणजे तिकडेही मोटारच जळते.

टिळक_टँक

मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की आता नवीन नियमाप्रमाणे दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही. खरं का?

दावा_दाखल

ते केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केला, पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय इथे लागू होत नाही. तसंही मामांच्या चौदा खोल्यांत कुणी दोन महिन्यांचं डिपॉझिट देत असेल असं वाटत नाही.

मोशीचा_मामा

एक महिन्याचं घेतो. सोडताना खोली बघून परत देतो, रोख, त्याच दिवशी. परत देतो हे माहीत असलं की शेवटचा महिना कुणी बुडवत नाही. ज्याचं डिपॉझिट परत मिळत नाही असा बोभाटा होतो, त्याचे सगळे भाडेकरू शेवटच्या महिन्यात गायब.

@कडूलिंब, एक काम करा. एजंटला न सांगता अकरा तारखेला संध्याकाळी त्या चाळीसमोर जाऊन उभे राहा. चहाच्या टपरीवर विचारा, इथे खोली मिळेल का, भाडं किती. एजंट सांगतो ते भाडं आणि टपरीवाला सांगतो ते भाडं, दोन्ही लिहून घ्या.

आकडेमोड

प्राप्तिकराचं राहिलं. घरपट्टी भरलेली वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर प्रत्यक्ष किती गेले ते तिथे कुणी विचारत नाही. आणि भाडं रोख घेतलं म्हणून ते उत्पन्न नाही असं होत नाही. हे मामांना उद्देशून नाही.

मोशीचा_मामा

माझा सीए आहे. तोही माझाच भाडेकरू होता.

कडूलिंब

(तीन महिन्यांनी परत आलोय, क्षमस्व. धागा इतका वर जाईल असं वाटलं नव्हतं.)

मामा, गेलो. अकरा तारखेला, बायकोला घेऊन. टपरीवाला म्हणाला, "दोन खोल्या खाली आहेत, बघा, २८०० ला देईल." एजंट ३५०० म्हणत होता, आणि आठही भरलेल्या. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक बाई हंडा घेऊन खाली आली. बायकोने तिला विचारलं, पाणी कसं आहे. तिने हंडा दाखवला, रिकामा. म्हणाली, "टँकरची वाट बघतोय सकाळपासून." मार्च महिना होता.

तरी सातबारा काढला. सामाईक क्षेत्र, अकरा नावं. विकणाऱ्याने ज्याच्याकडून घेतलं त्याच्या बहिणीची सही कुठेच नाही. दावा_दाखल ताईंनी सांगितलेले कागद मागितले तेव्हा एजंटचा आवाज खरोखरच चढला. ते प्रकरण तिथेच सोडलं.

पण खाज गेली नाही. तळेगावकडे एका निवृत्त शिक्षकांच्या चार खोल्या होत्या, बिगरशेती प्लॉट, मंजूर नकाशासह. भाव जास्त होता, आकडेमोड यांच्या पद्धतीने मांडलं तर साडेतीन टक्केच पडतात. तरी घेतल्या. चारही कुटुंबं जुनीच आहेत, भाडं वाढवलं नाही, चौघांचे करार नोंदवून घेतले. एका काकूंनी विचारलं, "नोंदणी म्हणजे आता आम्हाला काढणार का?" त्यांना समजवायला अर्धा तास लागला. चहा दिला त्यांनी.

दारं वाजवायला मी जाणार होतो. दोन्ही महिने बायकोच गेली, मला नेतही नाही.

आज सकाळी फोन आला, बोअरची मोटार उचलत नाही म्हणे. दीड एचपीची आहे. मामा, तळेगाव बाजूला कुणी भरवशाचा मोटारवाला माहीत आहे का?

मोशीचा_मामा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आधी स्टार्टरचा कपॅसिटर बघायला सांगा, तो दोन-तीनशेत होतो. थेट मोटार वर काढू देऊ नका, काढायचेच पैसे जास्त घेतात.